सुखरूप सापडले

मी खामगावात बातम्यांची एक वेबसाइट चालवते. एक खोली, एक लॅपटॉप, झालं. आमच्याकडच्या पत्रकारांची एक रीत आहे. जो ठिकाणावर पोचला त्याने बातमी लिहायची, ग्रुपवर टाकायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी आपापल्या पोर्टलवर चिकटवायची. कुणी स्वतः लिहायला बसलाच तर त्याला विचारतात, "काऊन बे, कॉपी नाही भेटली का तुले?" मी तर यात सगळ्यांच्या पुढे होते. शहरातल्या एका मोठ्या पोर्टलशी मी करार केला होता. माझी प्रत्येक बातमी आपोआप त्यांच्याकडे जायची. याचा मला अभिमान होता आणि मी तो चारचौघांत मिरवायचे.

त्या मे महिन्यात पिंपळगाव राजाचे एक म्हातारे शिंपी घरातून निघाले ते परतलेच नाहीत. हल्ली त्यांना फारसं काही आठवत नसे. त्यांचा मुलगा गावात कापडाचं छोटं दुकान चालवतो. तो फोटो घेऊन माझ्याकडे आला. मी नेहमीच्या साच्यातली बातमी केली: सदर इसम, पांढरा कुर्ता, पांढरी दाढी, आढळल्यास कळवावे. ती सगळीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आलं, मलकापूर स्टेशनवर असाच एक म्हातारा बसलाय. पांढरा कुर्ता, पांढरी दाढी. मुलगा लगेच मोटरसायकलवर निघाला. तो पोचेपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण मला ही बातमी सगळ्यांच्या आधी द्यायची होती. 'बेपत्ता वृद्ध सुखरूप सापडले' असा मथळा केला आणि टाकून दिला. थोड्याच वेळात तो निदान दहा ठिकाणी झळकत होता.

दोन तासांनी मुलाचा फोन आला. "ताई, हे माहे अब्बा नाहीत."

मी हादरले. ताबडतोब माझ्या पानावर दुरुस्ती केली, ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं. काहींनी बदललं, काही लग्नात होते. मग मी मोबाइलवर शोधून पाहिलं. सगळ्यात वर मोठ्या पोर्टलवरची बातमी: सुखरूप सापडले. मी कितीही खाली जात राहिले तरी माझं दुरुस्त केलेलं पान दिसेना.

वेबसाइटची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "एकच मजकूर दहा जागी दिसला की सर्च इंजिन त्यातला एक निवडतं अन् बाकीचे मागं सारतं. आधी कोणी लिहिलं ते त्याले दरवेळी समजते असं नाही. मोठ्या साइटवर भरवसा जास्त. मूळ बातमी तुमची हाय, अशी खूण त्यांच्या पानात टाकून घेतली होती का?" नव्हती. करारात मी ती मागितलीच नव्हती. वर त्या करारात माझी पहिली प्रत जायची, नंतरची दुरुस्ती नाही. माझ्याच हाताने मी माझं खोटं त्या पोर्टलच्या गळ्यात बांधलं होतं.

पोर्टलचा फोन कुणी उचलेना. मेलला उत्तर आलं, तुमचा निरोप मिळाला. बस. भर उन्हात मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला, काखेत पोस्टरांचा गठ्ठा. "ताई, मी पोस्टर लावून राह्यलो, अन् लोक मले मोबाइल दाखवून राह्यले. म्हणतात, तुहे अब्बा तं सापडले ना! कोणी शोधूनच नाही राह्यलं." बाहेर माणूस करपेल असं ऊन होतं.

ओळखीच्या माणसाने एकच उपाय सांगितला होता: दुसरीकडे कुठंच नाही असं काही लिहा. मी मुलाला म्हटलं, अब्बांबद्दल सांगा. तो चिडला. "आता काय कहाणी लिहिता का?" मग खाली बसला आणि सांगू लागला. सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान अजून बोटात असतं. भेटेल त्याची कॉलर चाचपतात, शिलाई पाहतात. आणि प्रत्येकाला एकच सांगतात, ईदच्या आधी देतो.

मी ते सगळं लिहिलं. मथळ्यातच म्हटलं, अजून सापडलेले नाहीत. ग्रुपवर सांगितलं, चिकटवू नका, फक्त लिंक द्या. मॅडम मोठ्या झाल्या, असं कुणीतरी लिहिलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोधल्यावर माझं पान वर दिसलं. तासाभरात वरवट बकालहून एका चहावाल्याचा फोन आला. तो घाबरल्यासारखा बोलत होता. "काल दुपारी होते माह्या हॉटेलात. माही कॉलर चाचपली, म्हणाले ईदच्या आधी देतो. फोटो पाह्यल्यासारखा वाटला म्हणून मी मोबाइलात शोधलं. सापडले असं आलं. म्हटलं, दुसरे कोणी असतील. पाणी पाजलं अन् शेगावच्या गाडीत बसवून देलं."

शेगावच्या बसस्टँडमागे, पत्र्याच्या सावलीला ते सापडले. पायात चप्पल नव्हती. तळवे भाजून फोडांनी भरले होते. ते मला काय ओळखणार? माझ्या ओढणीची कड त्यांनी दोन बोटांत धरली, शिवण बघितली आणि म्हणाले, "ईदच्या आधी देतो, बेटी." मला रडू आवरेना. मुलगा त्यांना उचलत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "काल, ताई. काल ते चहावाल्याजवळ बसले होते."

मी करार मोडला. पोर्टलला आणखी तीन मेल केले.

त्यांचं उत्तर आलं ते आठ दिवसांनी. 'आपल्या तक्रारीची तपासणी केली. संबंधित वृद्ध सुखरूप सापडल्याची खातरजमा झाली आहे. त्यामुळे बातमीत दुरुस्तीची आवश्यकता नाही.'

ते मी पिंपळगावात, अब्बांच्या घरच्या ओसरीत बसून वाचलं. समोर मुलगा अब्बांच्या तळव्यांवरची पट्टी सोडवत होता आणि ते कळवळून त्याचा हात ढकलत होते. मी मोबाइल पालथा ठेवला आणि त्यांचे पाय धरायला पुढे झाले.