अकरा पानांचं टिपण

आमच्या घरात अपुरं टिपण हे पाप समजलं जायचं. पणजोबा बडोदा संस्थानच्या दप्तरात, आजोबा तिथंच, वडील पुढं सरकारी कचेरीत. तीन पिढ्यांनी कागदावर पोट भरलं. रावपुऱ्यातल्या आमच्या घरी दूधवाल्यासाठी ठेवायची चिठ्ठीसुद्धा वडील एकदा नजरेखालून घालत. हे मी चारचौघांत कौतुकानं सांगायची. हल्ली सांगत नाही.

नव्वदच्या दशकात मी छाणीच्या पुढं एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. रंगाला चिकटपणा आणि चमक येते ती रेझिनमुळं, आणि ते रेझिन शिजवायची केटल माझ्या विभागात होती. केटल म्हणजे दोन माणसं आत उभी राहतील एवढं झाकणाचं पातेलं. तेल तापवायचं, त्यात भुकट्या टाकायच्या आणि नेमक्या क्षणी आच बंद करायची. क्षण चुकला की आतला सगळा माल रबरासारखा गोठतो आणि मग छिन्नी-हातोडा घेऊन माणसाला आत उतरावं लागतं.

त्या केटलवर एक काका होते. अमळनेरकडून तरुणपणी बडोद्याला आलेले आणि बावीस वर्षं तिच्यापुढंच उभे राहिलेले. त्यांच्या मुलीच्या वयाची असून मला ते ताई म्हणत. थेंबभर रेझिन काचेवर घ्यायचे, गार झालं की चिमटीत धरून तार ओढायचे, घरी पाकाची ओढतात तशी, आणि म्हणायचे, अजून पाव तास. प्रयोगशाळेतून माझा आकडा येईपर्यंत त्यांचं म्हणणं खरं ठरलेलं असायचं. मला थोडा रागच यायचा. एम.एस्सी. मी झाले होते, ते नाही.

मग बाजार खुला झाला, परदेशी रंगांचे डबे दुकानांत दिसू लागले आणि आमच्या मालकांना गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हवंसं झालं. मुंबईहून एक सल्लागार आले. त्यांचं फर्मान असं की कारखान्यात जे जे होतं ते कागदावर आलं पाहिजे, आणि प्रत्येक विभागाच्या केमिस्टनं आपापलं लिहायचं.

बाकीच्यांनी अर्ध्या पानात उरकलं. योग्य तापमानाला तापवावे, नमुना तपासावा, वगैरे. योग्य म्हणजे किती, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं. रंग घोटायच्या विभागातला माझा सहकारी मला म्हणाला की कशाला जीव काढतेस, हे वाचणार कोण? त्याला मी मनातल्या मनात आळशी ठरवून मोकळी झाले.

मी आधी घरी मराठीत कच्चं लिहिलं. तार बरोबर आली की आच बंद करावी, असं एक वाक्य होतं. वडिलांनी त्याखाली लाल रेघ मारली. "हाताला कळतं असं लिहू नकोस," ते म्हणाले. "हाताला काय कळतं ते लिही."

झालं. मी फूटपट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन महिनाभर काकांच्या मागं लागले. तार किती लांब होऊन तुटते, तुटताना टोकं वळतात की सरळ राहतात, फेस किती बोटं चढला की आच उतरवायची, पावसाळी हवेत काय वेगळं करायचं. त्यांनी काहीही हातचं राखलं नाही. रात्री आठवलेलंसुद्धा सकाळी येऊन सांगत. एकदा म्हणाले, "बावीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं, ताई." दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. जणू त्यांचा फोटोच काढायचा होता.

अकरा पानं झाली. कामगारांसाठी गुजरातीत, साहेबांसाठी इंग्रजीत. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी कँटीनमध्ये श्रीखंड होतं आणि मॅनेजरांच्या हस्ते मला मनगटी घड्याळ मिळालं. ते माइकवरून म्हणाले की असं टिपण हाताशी असलं तर रस्त्यावरचा कोणीही माणूस रेझिन शिजवील. मी मूर्खासारखी लाजून हसले. सगळ्यात जोरात टाळ्या काका वाजवत होते.

दिवाळी झाली. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी केटलपाशी गेले तर तिथं ठेकेदाराचा एक नवखा माणूस उभा. माझी अकरा पानं प्लॅस्टिकमध्ये घालून तारेनं कठड्याला टांगली होती. तो आधी ओळीवरून बोट फिरवत होता आणि मग रेझिनची तार ओढून फूटपट्टीवर मोजत होता. काका कुठं आहेत, असं मी विचारलं, तर त्याला काका माहीतच नव्हते.

ऑफिसात कळलं की केटलवरच्या तिन्ही पाळ्यांतल्या जुन्या माणसांकडून सुट्टीआधीच स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सह्या घेतल्या होत्या. मी तशीच मॅनेजरांकडं गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं आणि मनापासून अभिनंदन केल्यासारखं म्हणाले, "बेन, आ तो तमारे लीधे ज थयुं." हे तुमच्यामुळंच झालं. मला भांडायचं होतं. पाणी पिऊन मी बाहेर आले.

रंग घोटायच्या विभागातला एकही माणूस हलला नव्हता. हलवणार कसा? अर्ध्या पानावर कोणाला घोटता येतंय? माझ्या त्या सहकाऱ्याच्या आळसानं त्याची माणसं वाचली आणि माझ्या कसोशीनं माझी गेली. हे मला आजही गिळता येत नाही.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, "टिपणात चूक नव्हती ना?"

"नव्हती," मी म्हणाले. "तेच तर."



पंधरा दिवसांनी काका पत्ता विचारत घरी आले. मी मान खाली घालून उभी राहिले, पण ते मला बोल लावायला आलेच नव्हते. त्यांना त्या टिपणाची गुजराती प्रत हवी होती. मकरपुऱ्याकडच्या कारखान्यांत कामासाठी फिरत होते, आणि आपल्याला काय काय येतं हे तोंडानं सांगून कोणी मानत नाही, म्हणाले. कारखान्याचा कागद बाहेर देणं म्हणजे चोरी, हे मला ठाऊक होतं. असली तर असू दे म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी झेरॉक्स आणून दिली.

त्यांनी सावकाश पानं उलटली. प्रत्येक पानाच्या तळाशी 'तैयार करनार' असं लिहून पुढं माझं नाव होतं. त्यावर त्यांचं बोट जरा थांबलं. मी घाईघाईनं पेन काढून म्हटलं की तुमचं नाव लिहून देते. त्यांनी मान हलवली. "झेरॉक्सवर पेनानं लिहिलेलं कोण धरतं, ताई?" आत बसलेले वडील हेच म्हणाले असते.

महिन्याभरानं ते परत आले. आईनं चहा ठेवला.

"ताई, अजून एक झेरॉक्स मिळेल का? पहिली एका कारखान्यात त्यांनी ठेवून घेतली."

"आणि तुम्हाला?"

"मला नको म्हणाले. कागद सारो छे, चांगला आहे, म्हणाले."

त्यांचा स्वर अगदी साधा होता. उद्या दुसरीकडं जायचं होतं, तिथंही मोठी केटल आहे असं त्यांना कळलं होतं. मी माझ्याकडची प्रत पिशवीत घालून झेरॉक्सच्या दुकानाकडं निघाले आणि कोपऱ्यावर एकदम थांबले. त्या दुसऱ्या केटलपुढंही कोणी बावीस वर्षं उभं असणार. प्रत दिली तर त्याची गत काकांसारखी होणार, आणि नाही दिली तर काकांना काय सांगू? दुकानदार ओळखीचा, त्यानं लांबूनच किती कॉप्या म्हणून विचारलं. घरी काका चहा पीत माझी वाट बघत बसले होते.