सोनामायचा विस्तव

सन अठराशे चौसष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि कोणाचं ऐकत नव्हतो. आताही ऐकत नाही, पण सोनामायचं लिहून ठेवतो.

माझ्या आणि थोरल्या भावाच्या घरांच्या मधोमध तिचं झोपडं होतं. एकटी विधवा, आमच्या नात्याची ना गोत्याची. काडेपेट्या तेव्हा गावात नव्हत्या. सोनामाय चुलीतला विस्तव राखेखाली जपायची, कधी विझू दिला नाही. सकाळी अर्धं गाव गोवरी घेऊन तिच्या दारात. निखारा देताना प्रत्येकाला विचारायची, "लेकरं जेवली का रे?"

त्या साली कापूस सोन्याच्या भावानं अकोल्याला जात होता आणि गावात दोन तट पडले. आम्ही म्हणायचो, इंग्रजाचं राज्य आहे म्हणून हा भाव. दादाचा तट म्हणायचा, निजामाचं राज्य परत आलं पाहिजे. सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं. पुढं आमच्या तटानं ठरवलं, त्यांना विस्तवसुद्धा कोणी द्यायचा नाही.

सोनामाय हसली. "तुहा इंग्रज येते का रे माह्या घरी पाणी भराले?" आणि माझ्यादेखत वहिनीच्या गोवरीवर निखारा ठेवला.

मी तिचीच घागर उचलली आणि चुलीत ओतली.

ती ओरडली नाही. ओल्या राखेकडे पाहत म्हणाली, "आता ज्यानं इझवला, त्यानंच आणून द्यावा."

दादा विस्तव घेऊन गेला, तर त्याला माघारी धाडलं. "तुह्या हातचा नाही पायजे, बाप्पा. तो येईन."

मी गेलो नाही. माघाची थंडी होती. भिजवलेले हरभरे खाऊन ती राहायची. भिंतीपलीकडून खोकणं ऐकू यायचं. उद्या जाऊ, असं मी रोज म्हणायचो. पंधराव्या दिवशी खोकणं थांबलं.

मयतापुढं मडक्यात न्यायचा विस्तव मयताच्याच घरचा लागतो. चूल तर गार. सगळे माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात दादा मडकं घेऊन आला.

"हा तिचाच हाय. त्या दिवशी तिनं देल्ला, तवापासून आमी इझू नाही देल्ला."

त्यावरच तिची चिता पेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोवरी घेऊन दादाच्या दारात गेलो. त्यानं काही न विचारता निखारा ठेवला. तो नेऊन मी सोनामायच्या चुलीत घातला आणि फुंकत बसलो.