टेबलाखालची डिस्क

भूकंपानंतर लातुरात कोचिंग क्लास भराभर निघाले. त्यांच्या प्रश्नपत्रिका आमच्या डीटीपीच्या दुकानात तयार होत. टायपिंग मी करायची, बाकीचं सगळं ह्यांच्याकडं. ह्यांची आई निलंग्याजवळच्या गावी भूकंपात कोसळलेल्या माळवदाच्या मातीखाली गेली. तेव्हापासून डोक्याच्या वर जड वस्तू ठेवायची नाही, हा आमच्या घरचा कायदाच झाला. पितळी डबे जमिनीवर, पाटा जमिनीवर. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हे तर पाणीही फुंकायला लागले होते. मी वैतागायची, पण बोलणार कोणत्या तोंडानं?

प्रश्नपत्रिकांच्या फाइली साठवायला घेतलेली नवी डिस्क चांगली वजनदार पेटीतली होती. नांदेडच्या मेकॅनिकनं ती कॉम्प्युटरच्या वरच्या फळीवर बसवून दिली. त्याची पाठ फिरली तशी ह्यांनी ती उतरवून टेबलाखाली भिंतीला टेकवली. मागं बोटभर बूच आडवं येत होतं. त्याला वायर नाही, काही नाही. ह्यांनी ते उपटून खणात टाकलं.

मग डिस्कला भूतच लागलं. आत्ता उघडलेली फाइल मग दिसेना. भौतिकशास्त्राच्या गणितात भलतीच चिन्हं उमटायची. मी डोकं धरून बसले. हे मात्र शांतपणे म्हणाले, "जमीन हालायलीय. आपल्याला कळंना, यंत्राला कळायलंय." दुकान बंद करून उमरीला माझ्या माहेरी जायचं, तेही कायमचं, असं ठरवून ते घरून ट्रंक घेऊन आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि भीतीही वाटली. दुकान जाईल ते जाईल, हा माणूसच हातचा चालला होता.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तो टेबलाखाली वाकला आणि हसला.

"वहिनी, टोकाचं टर्मिनेटर कुठंय? सिग्नल वायरीच्या टोकाला जातोय, तिथं त्याला गिळणारं कायतरी लागतंय. न्हाई तर तसाच माघारी फिरतोय आन मागनं येणाऱ्यावर आदळतोय."

मी खणातलं बूच काढून दिलं, त्यानं ते जागेवर लावलं. फाइली एकामागून एक नीट उघडू लागल्या. मला इतकं हलकं वाटलं!

"बघा," मी ह्यांना म्हणाले, "जमीन हालत नव्हती. बूच काढलं म्हणून झालं सगळं. आता ठेवा ती ट्रंक घरी."

हे ट्रंकेवर बसूनच राहिले.

"डिस्कचं पटलं मला," म्हणाले. "पण आत्ता बी हाललं की. तुला न्हाई कळलं?"

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. पाणी जरासुद्धा हालत नव्हतं. मी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कळलं, कुठं हालत होतं ते.