माझी माय वाचते

"बाई, मोठ्यानं वाचा. आणि तुम्ही कोणी हसू नका हं," सर सभागृहाला म्हणाले. तेव्हाच सगळे हसले.

बाई म्हणजे माझी माय. रायपूरच्या गुढियारी भागात धान्याच्या गोदामात झाडू मारते. तिथल्याच विद्यापीठात माझं संशोधन चालू होतं. कोण वाचतं, कसं वाचतं. त्यात मायबद्दलही लिहिलं होतं. त्या दिवशी मी बोलणार होते, म्हणून माय नवी साडी नेसून आली. मागं बसली. माझे गाईड असलेल्या सरांनी तिला मंचावर बोलावलं, हातात पुस्तक दिलं. "नमुना समोरच आहे," म्हणाले.

माय वाचू लागली. ओळीखाली बोट. अक्षराला अक्षर जोडत. चाळिशी उलटल्यावर माझ्याकडूनच शिकली होती. दुपारी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया तिच्याभोवती जमायच्या. आम्ही मूळचे विदर्भातले, म्हणून ती मराठी वाचायची अन् त्यांना छत्तीसगढीत समजावून सांगायची. एकेका वाक्यावरून भांडणं व्हायची तिथं.

पुढच्या रांगेत कोणी मोबाईल काढला. सरांनी मधेच तिच्या हातून पुस्तक घेतलं. "याला अक्षरओळख म्हणतात. वाचक वेगळा असतो."

टाळ्या. मी खाली बसूनच होते.

घरी आल्यावर माय म्हणाली, "मले वाचता येते, असं तू काहून सांगतलं वं त्यायले?"

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. "पढ़ ना दीदी."

"चश्मा टूट गे हे," माय म्हणाली.

चष्मा फळीवर होता. धड.

पुढच्या आठवड्यात सरांनी बोलावलं. माझ्या लिखाणातून माय आणि त्या बाया काढायला सांगितल्या. "त्या वाचक नाहीत. काढल्याशिवाय मी प्रबंधावर सही करणार नाही."

"नका करू. माझी माय वाचते."

"आयुष्याचं नुकसान करून घेशील, पोरी."

"पोरी म्हणू नका मले."

विद्यापीठात पहिल्यांदाच माझ्या तोंडून घरचं 'मले' निघालं. मी ते सुधारलं नाही. उठून बाहेर आले.

माय अजून वाचत नाही. बाया यायच्या बंद झाल्या. मी पुस्तक तिच्याजवळ ठेवते, ती तोंड फिरवते. लेकीच्या अभ्यासानं तिचं वाचन गेलं. हे माझ्याच्यानं भरून निघत नाही.

दुसरा गाईड मिळेल, नाहीतर नाही मिळणार. त्या बायांबद्दलचं एक वाक्यही मी गाळणार नाही. आणि यापुढं कोणाच्याही मायला 'वाचून दाखव' म्हणून मंचावर चढवलं, तर मी खाली बसून राहणार नाही.