माळरानावरची शेजारीण

परवा दुपारी सासूबाईंबरोबर टीव्हीवर एक जुनी अमेरिकन मालिका पाहत होते, हिंदीत डब केलेली. ओसाड माळरानावर नव्याने वस्तीला आलेलं एक कुटुंब, त्यांचं लाकडी घर आणि लांबलांबपर्यंत कुणीच नाही. त्या दिवशीच्या भागात घरातल्या बाईचं तान्हं बाळ तापाने गेलं. दूरच्या शेतावरून एक शेजारीण घोडागाडी हाकत आली. सांत्वनाचा एक शब्दही न बोलता तिने बाह्या सरसावल्या, चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं.

सासूबाई पडद्याकडे पाहतच म्हणाल्या, "तुझं पहिलं बाळ गेलं तेव्हा मला बोलायला काही सुचलंच नाही गं. अजून मनाला लागून आहे."

इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. त्या दिवसांत भेटायला येणारे खूप बोलत. त्यांच्या तोंडचं एक वाक्य मला आज आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे आणि सासूबाई रोज सकाळी मला उठवून बसवायच्या, केसांचा गुंता सोडवून वेणी घालायच्या. ओढ बसू नये म्हणून केस मुळाशी एका हाताने धरून ठेवायच्या.

"आई, तुम्ही रोज माझी वेणी घालायचात," मी म्हटलं.

"तेवढंच येत होतं मला."

"तेवढ्यावरच मी उठले, आई."

त्यांनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसत राहिल्या.