भागीरथीचे पांढरे डाग

"सही करा, म्हणजे झालं," मॅनेजरसाहेबांनी कागद माझ्या टेबलावर सरकवला. रोगाचं नाव आधीच लिहिलेलं होतं: महारोग. रोगी मी अजून पाहिलीही नव्हती.

इंग्रजांच्या राज्यातली ही गोष्ट. नागपुरातल्या एका कापडगिरणीच्या दवाखान्यात मी लेडी डॉक्टर होते. रोगी म्हणजे भागीरथी, सुताच्या लडी करणारी बाई. तिच्या हातांवर पांढरे डाग उठले, सोबतच्या बायांनी तक्रार केली, आणि सकाळीच तिला गेटबाहेर काढलं होतं.

"हे कोणत्या डॉक्टरनं लिहिलं?" मी विचारलं.

"डॉक्टर कशाला? डोळ्यांना दिसतंच आहे."

माझं डोकंच फिरलं. "मग सहीही डोळ्यांनीच करा," मी म्हणाले, आणि चपराशाला तिला आणायला पाठवलं.

भागीरथी दारातच थबकली. "मी लांबूनच बोलतो, डाक्टरीनबाई. मले काहून काढलं जी? मी तं काम करूनच राहिली होती."

मी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. डोळे मिटायला लावले. कापसाच्या टोकानं डागाला हलकेच स्पर्श केला. "कळलं की तिथं बोट ठेव."

प्रत्येक वेळी बोट बरोबर जागी पडलं. "गुदगुल्या होऊन राहिल्या वं बाई," ती हसली. मग गरम आणि थंड पाण्याच्या दोन टेस्ट ट्यूब लावल्या. गरम कोणती, थंड कोणती, हे सांगताना ती एकदाही चुकली नाही.

मी मॅनेजरकडे वळले. "कातडी म्हणजे नुसतं वेष्टन नव्हे. वरच्या थराच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्याखाली स्पर्श कळवणाऱ्या नसा आणि घामाच्या ग्रंथी. महारोग नसांवरच घाला घालतो, डाग बधिर आणि कोरडा पडतो. हिचा बघा."

वैशाख होता. पांढऱ्या डागावर घाम डवरला होता.

"हिचं फक्त रंगाचं काम थांबलंय. हे कोड आहे. ते कुणाला लागत नाही."

"पण बाया घाबरतात, त्याचं काय?"

"त्यांना मी समजावते. आणि महारोग असता, तरी औषध द्यायचं असतं, धक्के नव्हे!"

त्यांनी माझं ऐकलं नाही. कागद सिव्हिल सर्जनकडे गेला. दहा दिवसांनी गोऱ्या साहेबाचं एका ओळीचं उत्तर आलं: कोड आहे, कामास योग्य. माझंच म्हणणं, पण आता ते खरं ठरलं. भागीरथी कामावर रुजू झाली.

तोवर 'महारोगीण' हा शब्द वस्तीभर पसरला होता. तिच्या मुलीचं कामठीला ठरलेलं लग्न मोडलं. मी स्वतः मुलाच्या घरी गेले, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चहा दिला, मान डोलावली, आणि नकार कायम ठेवला.

मॅनेजरसाहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "अरेरे. पण गिरणीचा त्याच्याशी काय संबंध?"

पुढे कितीतरी वर्षं डॉक्टरकी केली. रोग्याला हात लावून तपासल्याशिवाय रोगाचं नाव मी कधी तोंडातूनसुद्धा काढलं नाही.