केकच्या गर्दीत हरवलेला व्हॉइस मेसेज

गेल्या रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी आमगावला घरीच होते, पोह्यांसाठी कांदा चिरत होते.

"मॅडम, त्या भटकंती ग्रुपच्या अ‍ॅडमिन तुम्हीच ना? मी यवतमाळची वंदना. आईला घेऊन दरेकसा स्टेशनवर बसलेय. आता परतीच्या गाडीने निघतो आम्ही. तुमच्या ग्रुपवर विचारून काही उपयोग झाला नाही, एवढं सांगायला फोन केला."

आवाजात राग नव्हता... थकवा होता. तोच जास्त लागला.

गोंदिया जिल्ह्यात फिरायला येणाऱ्यांना माहिती मिळावी म्हणून हा ग्रुप मीच सुरू केला. आदिवासींचं देवस्थान असलेली कचारगडची गुफा असो, बोदलकसाचं तळं असो की इटियाडोह धरण... बाहेरच्याने विचारावं आणि इथल्या माणसाने सांगावं, इतकंच.

पण हळूहळू बोलणारे उरले सात-आठ. गोंदियातली एक मित्रमंडळी. गुड मॉर्निंगची फुलं, एकमेकांची खेचाखेची, त्यांनाच कळणारे जोक. नवीन कोणी काही विचारलं की एखादा अंगठा दाखवायचा आणि गाडी पुन्हा आपल्या रुळावर. मीही चालवून घ्यायचे. ग्रुप जिवंत वाटायचा ना...

फोन स्पीकरवर टाकून मी ग्रुप उघडला आणि स्क्रीन वर सरकवत गेले. आदल्या दिवशी त्यांच्यातल्या एकाचा वाढदिवस होता. केकच केक. गाणी म्हणून पाठवलेले व्हॉइस मेसेज. आणि मध्येच वंदनाताईंचा प्रश्न : आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कचारगडला यायची तिची फार वर्षांची इच्छा आहे. चढ झेपेल का? स्टेशनवरून गाडी मिळेल का?

त्याच्या लगेच खाली एक केक होता. तो मीच टाकला होता... खोटं कशाला बोलू.

त्या गाण्यांच्या मध्ये एक वेगळ्या नंबरचा व्हॉइस मेसेज दिसला. गाणंच असेल म्हणून कोणी उघडला नसावा. मी "दोन मिनिटं थांबा" म्हणून फोन ठेवला आणि तो ऐकला.

"ताई, मी फुलवंता, धनेगावची. काऊन भेऊन राहिल्या? आईले घेऊन या. वरपर्यंत नाही जमलं तं खाली बी पाया पडता येते. दरेकशाले उतरा अन् मले फोन करा, माह्या घरवाल्याचा आटो आहे. सकाळीच या मात्र, दुपारी दगड तापते."

सगळी उत्तरं होती. आदल्या दिवसापासून होती.

मी फुलवंताबाईंना फोन लावला. कचारगडच्या पायथ्याशी राहतात, जंगलात मोहफुलं वेचायला जातात. इतके दिवस ग्रुपमध्ये आहेत, पण पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"मी तं कालपासून वाट पाहून राहिली ना बाई. कोणी काही बोललंच नाही. म्हटलं, ग्रुपात सारे मोठे लोक... आपलं कोण आयकते?"

मी फक्त म्हटलं, "त्या स्टेशनवरच आहेत. गाडी पाठवता?" पलीकडून नवऱ्याला मारलेली हाक ऐकू आली.

लगेच वंदनाताईंना सांगितलं, बसून राहा, माणूस निघालाय. अर्ध्या तासात ऑटो पोचला. पोहे मी दुपारी खाल्ले.

संध्याकाळी फोटो आला. आई मोठ्या गुफेपर्यंत नाही जाऊ शकल्या. चढावर थोडं गेल्या आणि एका दगडावर बसल्या. तिथूनच त्यांनी वर बघून हात जोडले. फुलवंताबाईंनी दंड धरलेला. त्या आईंचा चेहरा मी बराच वेळ बघत बसले.

मग ग्रुपवर सरळ लिहिलं : इथे फक्त प्रवासाचं. बाकी गप्पांसाठी वेगळा ग्रुप करा. उद्यापासून इतर काही दिसलं तर काढून टाकीन.

पाच मिनिटांत दिलीपभाऊंचा फोन. त्या मंडळींचे म्होरके. "मॅडम, ये क्या बात हुई? ग्रुप म्हणजे फॅमिली आहे. दोन केक टाकले तर कोणाचं काय बिघडलं?"

मी वाद घातला नाही. दुसऱ्या फोनवरून तो मेसेज लावून ऐकवला. पूर्ण.

मग म्हणाले, "हे कधी आलं?"

"काल. तुमच्या दोन गाण्यांच्या मधात."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर तिघे ग्रुप सोडून गेले, एकाने जाताना "हिटलर" असंही लिहिलं. लिहू दे. मी दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर बसते, याहून जड शब्द ऐकलेत.

दिलीपभाऊ मात्र थांबले. दोन दिवस गेले. मग भंडाऱ्याच्या कोणीतरी इटियाडोहचा रस्ता विचारला, तर त्यांनी कुठे खड्डे आहेत, कुठे जेवण चांगलं मिळतं, सगळं लिहून टाकलं. या माणसाला एवढं ठाऊक आहे, हे मला इतक्या दिवसांत कळलंच नव्हतं.

फुलवंताबाईंना मी अ‍ॅडमिन व्हा म्हटलं. म्हणाल्या, "वाचता येते मले, पण लिहिता नाही येत ना बाई." म्हटलं, बोलता येतं ना? मग झालं. आता कोणाचाही व्हॉइस मेसेज आला की ऐकूनच पुढे जायचं, हा नियम.

ग्रुप आता बराच शांत असतो. काहींना तो मेलेला वाटतो... मला नाही वाटत.

वंदनाताई, तुम्ही मुकाट्याने गाडीत बसून परत जाऊ शकला असतात. जाण्याआधी मला तोंडावर सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार.